राजदूतचं हक्कसोड

रणजितनं टेम्पो मागं घेता घेता आमचं जास्वंदीचं झाड मोडलं आणि उतरल्यावर मलाच म्हणाला, "आक्का, झाडं कुठंही लावता तुम्ही."

मी अंगणात राजदूत मोटरसायकलचे स्पोक पुसत बसले होते. रणजित माझा धाकटा भाऊ. गडहिंग्लजला माझ्या घरी तो दोनदाच उगवायचा, भाऊबीजेला आणि काम असलं की. भाऊबीज अजून लांब होती.

"काय काम काढलंस?"

"गाडी न्यायला आलोय."

"कुठली?"

"ही की. राजदूत. दादांच्या हॉटेलवर बसवायची आहे. तुला बोललो नव्हतो का मी?"

तो बोलला नव्हता. बोलला असता तर टेम्पो आत यायच्या आधी मी फाटकाला कुलूप घातलं असतं.

दादा म्हणजे धैर्यशील इंगवले. 'रणझुंजार रायडर्स' या क्लबचे संस्थापक आणि अध्यक्ष. तालुक्यातल्या ज्यांच्या ज्यांच्याकडं बुलेट होती आणि रविवारी काही काम नव्हतं, ते सगळे या क्लबात होते. भर मे महिन्यात काळी जाकिटं घालून हे लोक सकाळी आंबोलीला जायचे, मिसळ खायचे आणि दुपारी परत यायचे. परत येताना चेहरे असे की जणू कुठलातरी गड घेऊन आलेत. गल्लीतून जाताना आवाज एवढा काढायचे की पाळण्यातली पोरं दचकून उठायची. माझ्या भावाकडं बुलेट होती, जाकीट होतं, फक्त पद नव्हतं. उपाध्यक्षाची जागा तेव्हा नुकतीच रिकामी झाली होती, कारण आधीच्या उपाध्यक्षाला मणक्याचा त्रास निघाला आणि डॉक्टरांनी त्याला मोटरसायकल बंद करायला लावली.

"हॉटेलवर बसवायची म्हणजे?"

"अगं, संकेश्वर रोडला दादांनी हॉटेल बांधलंय की. दसऱ्याला उद्घाटन. दारात चौथरा केलाय, त्यावर लोखंडी खांब. खांबावर राजदूत. पुढचं चाक असं वर, झेप घेतल्यासारखं. लोक येऊन फोटो काढणार. खाली पाटीवर आप्पांचं नाव. मान आहे आक्का तो."

"आणि चालवणार कोण?"

"चालवायची कशाला? वेल्डिंग करायचं. दादा म्हणालेत, इंजिन काढून टाकू, तेवढंच वजन कमी."

मी फडका बादलीत टाकला.

आता ही गाडी माझ्या अंगणात कशी आली ते सांगते, म्हणजे मला राग का आला ते कळेल. आमचे आप्पा, म्हणजे वडील, गुरांच्या दवाखान्यात होते. डॉक्टर नव्हते, डॉक्टरांच्या हाताखालचे, पण डॉक्टर खुर्चीत बसायचे आणि आप्पा राजदूतवरून वाड्यावस्त्यांवर फिरायचे, म्हणून लोक आप्पांनाच डॉक्टर म्हणायचे. नोकरी संपली, गुडघे धरले, आणि गाडी गोठ्यामागं उसाच्या पाचटाखाली गेली. कोंबड्या तिच्या सीटखाली अंडी घालायच्या. रणजित कॉलेजला असताना आप्पांनी त्याला ती वापरायला देऊ केली होती. त्यानं दोन दिवस जेवण सोडलं. "दूधवाल्याची गाडी आहे ती," म्हणाला.

मग आई गेली. माळावरचं रान आईच्या नावावर होतं. वर्षश्राद्ध झालं आणि रणजितचा फोन आला, "आक्का, एक सही लागत्या." आमच्याकडं ही पद्धतच आहे. बहिणीनं हक्कसोडीवर सही करायची, भावानं साडी घ्यायची आणि दोघांनी चारचौघांत म्हणायचं की आमच्यात कधी वाटणीवरून वाद झाला नाही. मी विम्याची एजंट. गावोगाव लोकांना सांगत हिंडायची, बाबांनो, सही करण्याआधी वाचा. आणि स्वतः एक ओळ न वाचता सही ठोकली. साडी आमसुली रंगाची होती. काठ बरे होते.

सही करून घरी आलो तेव्हा रणजितला मायेचं भरतं आलं. "आक्का, आठवण म्हणून घरातलं काहीतरी ने की," म्हणाला. त्याला वाटलं मी आईचा पितळी डबा मागणार. मी म्हटलं, "राजदूत दे."

तो हसला. त्याची बायको स्नेहल हसली. "ने की," रणजित म्हणाला, "भंगारवाल्याला बोलावणारच होतो मी."

आप्पा तिथंच अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. आप्पा रणजितसमोर काही बोलायचेच नाहीत. आडवं आलेलं वासरू म्हशीच्या पोटात हात घालून फिरवणारा माणूस, पण पोरगा समोर आला की यांची जीभ टाळ्याला चिकटायची. मला त्याचा लहानपणापासून संताप यायचा. मला कॉलेजला पाठवायचं की नाही यावर घरात दोन दिवस खल झाला, तेव्हाही ते असेच सुपारी कातरत होते.

गाडी मी दस्तगीर मेस्त्रीकडं टाकली. दस्तगीरच्या मते तालुक्यातले बाकीचे मेस्त्री सायकलीत हवा भरायच्या लायकीचे होते आणि तो स्वतः चुकून इथं जन्मला होता. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"हे दुरुस्त करून काय करणार, मॅडम?"

"चालवणार."

"कोण?"

"मी."

दस्तगीरनं पोराला हाक मारून पाणी मागवलं. त्याला हसताना ठसका लागला होता.

पण काम त्यानं केलं. उद्या देतो, परवा देतो करत पावसाळा काढला, तरी केलं. सायलेन्सरमधून उंदराचं अख्खं बिऱ्हाड निघालं. टाकीत एवढा गंज होता की आत खडी घालून ती टाकी आम्ही दोघांनी आळीपाळीनं घुसळली. कार्बुरेटर पेट्रोलमध्ये भिजत घातला तेव्हा त्याचा खरा रंग कळला. क्लच प्लेटा बेळगावहून आल्या, पिस्टन कोल्हापूरच्या जुन्या बाजारात सापडला. सीटवाला ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचा, त्यानं वाघाच्या पट्ट्यांचं रेक्झिन लावायचा घाट घातला होता, ते मी वेळेवर हाणून पाडलं. स्पोक मात्र सगळे मी एकेक करून पॉलिश पेपरनं घासले. आमचे हे बँकेत होते. ते रोज संध्याकाळी अंगणात येऊन बघायचे आणि म्हणायचे, "एवढी हौस आहे तर बाथरूमचा नळ बघ की एकदा."

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा निळा धूर गल्लीभर झाला. शेजारच्या माने काकू खिडक्या लावून विचारायला आल्या, नगरपालिकेची फवारणी आली का म्हणून.

मी बाजार समितीच्या मैदानात शिकले, सुट्टीच्या दिवशी. पडले पण. आणि पडल्यावरच मला ती गाडी खरी आवडली, कारण मी उठले आणि एकटीनं तिला उचलून उभी केली. माझे दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. हँडल हातात मावत होतं. तिला जोरात जाताच यायचं नाही, त्यामुळं रस्त्यावरची माणसं मला दिसायची आणि मीही त्यांना दिसायची. इंगवल्यांच्या क्लबातली एक बुलेट एकदा आमच्याच चौकात चिखलात आडवी झाली होती. चौघं उचलत होते, पाचवा मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होता, आणि मालक बाजूला उभा राहून इंजिनाची ताकद सांगत होता. मी राजदूतवरून शेजारून गेले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

विम्याच्या कामाला मी तीच घेऊन जायला लागले. एका वाडीवर आवाज ऐकून एक म्हातारी लगबगीनं बाहेर आली आणि म्हणाली, "डॉक्टर, लवकर या, म्हस दोन दिस चारा खाईना." मी हेल्मेट काढलं. म्हातारी बघतच राहिली. "तू कोण गं?" म्हटलं, "डॉक्टरांची पोरगी." तिनं मला घरात नेऊन चहा दिला, आप्पांचं सगळं विचारलं. पॉलिसी घेतली नाही.

इंगवल्यांनी मला रस्त्यावरच पाहिलं. बुलेट आडवी घातली, गॉगल कपाळावर चढवला आणि म्हणाले, "आक्कासाहेब, पीस छान आहे. देऊन टाका." मी नाही म्हटलं. मग ते जिथं नाही म्हणणारं कुणी नव्हतं तिथं गेले. रणजितनं शब्द दिला.

आणि आता टेम्पो माझ्या अंगणात होता.

"गाडी माझी आहे," मी म्हटलं.

"कागदावर आप्पांची आहे."

"तू दिलीस मला."

"नेऊन ठेव म्हटलं होतं मी. आणि हे बघ आक्का, हक्कसोड झालंय आपलं. सगळं मिटलंय त्यात."

"हक्कसोड रानाचं असतं. मोटरसायकलचं नसतं."

"तेच ते गं. आता घरातल्या घरात काय कायदा काढत बसतीस?"

हे तो हसत हसत म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो ज्या समजुतीच्या सुरात बोलत होता ना, त्या सुराला उत्तर नसतं. आपण काही बोललो की आपणच वाईट ठरतो.

"आप्पांना विचार," मी म्हटलं. "आप्पा हो म्हणाले तर घेऊन जा."

त्यानं लगेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागं टीव्हीचा आवाज येत होता. मी म्हटलं, "आप्पा, रणजित राजदूत मागतोय. हॉटेलच्या खांबावर चढवायला. देऊ?"

 आप्पा म्हणाले, "दे की. तो म्हणतोय तर."

मला त्या गाडीचं एवढं काही नव्हतं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. पण त्याहून जास्त लागलं होतं ते दुसरंच. एकदा, आयुष्यात एकदा, आप्पांनी म्हणावं, 'ती शकूची आहे, तिच्याकडंच राहू दे.' एवढंच माझं मागणं होतं. रानाच्या वेळी मागितलं नव्हतं, या वेळी मागितलं, आणि त्यांनी टीव्ही बघत बघत ते नाकारलं.

मी घरातून कॅन आणला आणि राजदूतच्या टाकीखाली नळी लावली.

"हे काय करतीस?"

"पेट्रोल माझं आहे. त्याचं हक्कसोड झालेलं नाही."

रणजित हसला. टाकी पुरी रिकामी झाल्यावर मी उठले. एवढं होऊनही मला राहवेना, म्हणून सांगितलं, "हे बघ, तुमच्या बुलेटसारखं हिच्यात नुसतं पेट्रोल घालून चालत नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. नाहीतर पिस्टन तापून जागच्या जागी धरतो."

"हो गं हो," रणजित म्हणाला. तो तेव्हा फोनवर दादांना निघालो म्हणून सांगत होता.

दसऱ्याला मी जाणार नव्हते. पण आदल्या दिवशी आप्पांचा फोन आला. स्वतः लावलेला, ही नवलाची गोष्ट होती.

"शकू, उद्या ये. सोनं घ्यायला."

"सोनं घ्यायला येते. त्या कार्यक्रमाला येणार नाही."

"तिथंही ये. माझ्याजवळ गाडीत बस."

का म्हणून विचारलं तर फोन ठेवून दिला होता. गेले शेवटी. बापानं बोलावलं तर जायचं, एवढी अक्कल घरातच शिकवलेली असते.

गावात पोहोचले तर माहेरच्या दारात बुलेटांची रांग. मधोमध राजदूत. झेंडूचे हार, दिव्याला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. ओट्यावरच्या खुर्चीत आप्पा, डोक्याला भगवा फेटा. फेटा त्यांच्या डोक्याला मोठा होता, तो सारखा भुवयांवर घसरत होता. शेजारी इंगवले जाकीट घालून उभे. मिरवणुकीला त्यांनी 'सीमोल्लंघन राइड' असं नाव दिलं होतं. आमच्या गावापासून हॉटेलपर्यंत दादा स्वतः राजदूत चालवणार, मागं सगळा क्लब, हॉटेलवर कारखान्याचे चेअरमन वाट बघत थांबलेले आणि त्यांच्या शेजारी क्रेन.

इंगवले राजदूतवर बसले. सहा फूट माणूस, गुडघे कोपरांना लागायला लागले. सर्कशीत अस्वलाला सायकलवर बसवतात तसं दिसत होतं, पण त्यांना ते कोण सांगणार? त्यांनी किक मारली. गाडी सुरू झाली. दस्तगीरनं काम चांगलं केलं होतं.

 माझं लक्ष सायलेन्सरकडं गेलं. पहिल्यांदा थोडा निळा धूर आला, आतलं जुनं राहिलेलं होतं तेवढं. मग कमी झाला. मग थांबलाच. इंगवले रेस वाढवत होते आणि मागं स्वच्छ हवा, म्हणजे आत ऑइल जळतच नव्हतं.

"बघा," इंगवले क्लबाला म्हणाले, "धूर बंद. शेवटी हात कुणाचा आहे त्यावर असतं."

टाळ्या पडल्या. मी पुढं झाले.

"अहो, पेट्रोलमध्ये ऑइल घातलंय का?"

"आक्कासाहेब, ऑइल फुल्ल आहे. मी स्वतः बघितलंय."

"ते गिअरचं. पेट्रोलमधलं वेगळं असतं."

"पेट्रोलमध्ये ऑइल?" इंगवल्यांनी सगळ्यांकडं बघितलं. "पेट्रोलमध्ये ऑइल निघालं तर आम्ही पंपवाल्याला फोडतो, आक्कासाहेब."

सगळे खदखदून हसले. रणजित सगळ्यांत मोठ्यानं हसला, उमेदवारच होता तो.

मी आप्पांकडं वळले. "आप्पा, तुम्ही सांगा यांना. तुमचं तरी ऐकतील. जन्म गेला तुमचा या गाडीवर."

आप्पांनी फेटा वर सरकवला. इंगवल्यांकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि मला म्हणाले, "शकू, गाडीत बस. ऊन लागतंय."

मला राग आला की आधी रडू येतं, तसं आलं. हा माणूस खांबावर चढवायला गाडी देतो ते देतो, आणि ती डोळ्यांदेखत जळतेय त्यावरही एक शब्द काढत नाही. मी कारमध्ये जाऊन बसले ते दार आपटूनच.

कार रणजित चालवत होता, शेजारी स्नेहल, मागं मी आणि आप्पा. पुढं बुलेटांची रांग आणि सगळ्यांच्या पुढं राजदूत. गाव संपल्यावर इंगवल्यांनी वेग वाढवला. मोकळ्या रस्त्याला राजदूतचा आवाज बदललेला मला काचेतून ऐकू येत होता. कोरडा, टिणटिण वाजणारा. आप्पांनाही ऐकू येत असणारच. त्या आवाजावरून हा माणूस झोपेतसुद्धा सांगू शकला असता की आत काय चाललंय.

"रणजित, हॉर्न दे. थांबव त्यांना," मी म्हटलं. "इंजिन धरणार आहे."

"आक्का, गप की जरा. एवढी मोठी गाडी चालवणारा माणूस आहे तो."

मी काच खाली करून ओरडणार तेवढ्यात आप्पांनी माझा हात धरला. म्हातारपणीही त्यांची पकड घट्ट होती.

"काच वर कर," ते म्हणाले. "धूळ येत्या."

हॉटेलच्या अलीकडं थोडा चढ आहे. चढावर बँड उभा होता, चेअरमन उभे होते, मोबाइल वर झाले होते. ते बघून इंगवल्यांनी पूर्ण रेस दिली. कमानीत शिरता शिरता इंजिन एकदम मुकं झालं आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. अशा वेळी क्लच दाबायचा असतो. रणझुंजार रायडर्सच्या संस्थापकांनी क्लच न दाबता आईचं नाव घेतलं. गाडी रांगोळी पुसत आडवी गेली आणि इंगवले स्वतःच्याच दहा फुटी फ्लेक्सच्या पायाशी जाऊन पडले. वर फ्लेक्समध्ये ते हात जोडून सर्वांचं स्वागत करत होते.

फार लागलं नाही. कोपर सोलवटलं, पँट मागून उसवली. गॉगल होता तिथंच राहिला. बँडवाल्यांना काही सांगितलेलं नव्हतं, ते वाजवतच होते.

आणि मग इंगवल्यांची आई पुढं आली. औक्षणाचं ताट घेऊन ती कमानीत थांबली होती. तिनं ताट सुनेच्या हातात दिलं, पोराकडं बघितलं, आडव्या पडलेल्या राजदूतकडं बघितलं.

"दसऱ्याच्या दिवशी दारात पाडलं हिनं माझ्या पोराला," ती म्हणाली. "ही अवदसा माझ्या दारात नको. आत्ताच्या आत्ता बाहेर काढा."

"आई, अगं चेअरमनसाहेब आलेत," इंगवले कोपर धरून म्हणाले.

"बाहेर काढा म्हटलं ना."

 ज्यांच्या आवाजानं तालुका हादरायचा ते संस्थापक मान खाली घालून म्हणाले, "रणजित, हलव ते." क्रेनवाला विडी पेटवून झाडाखाली जाऊन बसला. पुढं त्या चौथऱ्यावर फायबरचा सिंह बसवला. अजून आहे, शेपूट तुटलंय.

रणजितचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. उपाध्यक्षपद गेलं हे त्याला कळलं होतं. तो राजदूत ढकलत रस्त्याच्या कडेला घेऊन आला. गिअर अडकून बसला होता, चाक फिरत नव्हतं, म्हणजे ओढतच आणली. माझ्यासमोर आडवी टाकणार होता, मी बघितलं तेव्हा स्टँडवर लावली.

"घे बाई तुझं भंगार."

"तुझं म्हणालास?"

"मग काय म्हणू? तुझीच आहे. आप्पा, तिचीच ना?"

आप्पा म्हणाले, "तू म्हणतोस तर."

"बास? झालं समाधान?" रणजित म्हणाला आणि टेम्पोला फोन करायला गेला.

आम्ही दोघं चिंचेखाली दगडावर बसलो. आप्पांनी फेटा काढून मांडीवर घेतला. डोक्यावर त्याचा वळ उठला होता. मी राजदूतच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला. नुसतं पेट्रोल. जवळजवळ काठोकाठ.

"आप्पा, पेट्रोल कुणी भरलं?"

"इंगवल्यानं. सकाळीच कॅन घेऊन आला होता."

"आणि तुम्ही तिथं होता?"

"होतो की. मला विचारलं त्यानं, आप्पा, किती घालू? म्हटलं, फुल्ल कर."

"ऑइलचं सांगितलं नाही तुम्ही?"

"त्यानं विचारलं नाही."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते हाताच्या नखानं फेट्याचा दोरा काढत होते. चेहऱ्यावर काही नाही. गुरांच्या दवाखान्यात इंजेक्शन द्यायच्या आधी जनावराशी असंच तोंड करून बोलायचे ते. मला कारमधला त्यांचा हात आठवला, ती पकड, ती काच, ते ऊन, आणि मी तोंड दाबून एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यातलं हसणं कधी संपलं ते मला कळलं नाही. आप्पांनी फेट्याचं टोक माझ्यापुढं केलं. मी डोळे पुसले.

"आप्पा," मी म्हटलं, "तोंडानं म्हणायचं की एकदा. गाडी शकूची आहे, द्यायची नाही. एवढंच म्हणायचं होतं. निदान पिस्टन तरी वाचला असता."

"पिस्टन बाजारात मिळतो," आप्पा म्हणाले. मग रस्त्याकडं बघत, "मला रोज त्याच्याच घरात जेवायचंय, पोरी."

मी टाकीचं झाकण परत लावलं. 

टेम्पो आला. रणजितनं आणि टेम्पोवाल्यानं राजदूत वर चढवली, मी खाली उभी राहून दोरी बांधायला लावली. मग रणजितनं कार आप्पांजवळ आणून उभी केली. पुढच्या खिडकीतून स्नेहलनं डोकं बाहेर काढलं. तिचा आवाज अजून रागातच होता.

"आप्पा, हॉटेलचं जेवण तर बुडालंच. आता घरी जाऊन काय करू तुम्हाला?"

आप्पा दगडावरून उठले. फेटा नीट घडी करून त्यांनी काखेत धरला.

"तुला सोपं पडंल ते कर गं," ते म्हणाले. "मला काहीही चालतं."